पैदल मॅडम

‘कुठे निघालात?’ या प्रश्नाचं खरंखुरं उत्तर देणारी एकच बाई मी आजवर पाहिली. आमच्या इंदूरमध्ये तो मुळी प्रश्न नसतोच. ओळखीचं माणूस दिसलं की ‘कहाँ चले, भिया?’ म्हणायचं, त्यानं ‘बस, यहीं तक’ म्हणायचं आणि दोघांनी आपापल्या वाटेला लागायचं. पैदल मॅडम मात्र थांबायच्या. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सविस्तर सांगायला लागायच्या. आधी साबण घ्यायचा आहे, मग पोस्टात तिकिटं, मग निळ्या दाराच्या घरी बकरीला पिल्लं झालीत ती बघायची आहेत. विचारणारा बिचारा एका पायावर उभा राहून ऐकायचा.

त्या आयर्लंडहून आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आल्या होत्या. मीही तिथे नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. सुदामा नगरातल्या आमच्या घराची वरची खोली रिकामी होती, तिथे त्या राहायला आल्या. कोणी ‘अंग्रेज मॅडम’ म्हटलं की लालबुंद व्हायच्या. “मैं अंग्रेज नहीं, आयरिश!” कोपऱ्यावरचा किराणावाला रामेश्वर शांतपणे म्हणायचा, “एक ही बात है, मॅडम.” शेवटी सवाऱ्या नेणाऱ्या टेम्पोवाल्यांनी हा तंटा मिटवला. मॅडम पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, पलासियापर्यंतसुद्धा चालत जायच्या, टेम्पोला कधी हात दाखवायच्या नाहीत, म्हणून त्या ‘पैदल मॅडम’ झाल्या. ‘भिया’, म्हणजे आमच्याकडचा ‘भैया’, हा शब्द तर त्यांना इतका आवडला, की माझ्या आईलाही त्या भियाच म्हणत. आई पदर तोंडाला लावून हसायची, पण तिनं त्यांना कधी सुधारलं नाही.

शाळा सुटली की त्यांचं फिरणं सुरू व्हायचं, आणि पुष्कळदा त्या मलाही ओढून न्यायच्या. ज्या गल्ल्यांतून मी जन्मभर खाली मान घालून गेले, तिथे यांना दर दहा पावलांवर काहीतरी दिसायचं. इस्त्रीवाला कोळशावर पाणी का शिंपडतो? कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर, राजघराण्याच्या त्या जुन्या समाध्यांवर, पोपट किती वाजता परततात? मला एकाही प्रश्नाचं उत्तर यायचं नाही, आणि गंमत म्हणजे मग मलाही ते हवंसं वाटायला लागायचं. शहरही तेव्हा झपाट्यानं बदलत होतं. पलासियाला काचेची दुकानं उघडत होती, रंगीत टीव्हींसमोर गर्दी जमत होती, आणि तिकडे मिलच्या फाटकांना एकामागून एक कुलपं लागत होती.

“भर दुपारी इतके पुरुष ओटल्यांवर का बसलेले असतात?” एक दिवस त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. मिल बंद पडल्या म्हणून, मी सांगितलं. “तुझे वडीलही मिलमध्येच होते ना? मग ते का नाही बसत ओटल्यावर?”

बाबा मिलच्या फोल्डिंग खात्यात, म्हणजे तयार कापडाच्या घड्या घालतात तिथे, सुपरवायझर होते. मिल बंद झाल्यापासून ते घराचा उंबरा ओलांडत नव्हते. आरामखुर्ची, वर्तमानपत्र आणि ओढून घेतलेला पडदा. मी मॅडमना सांगून टाकलं, की त्यांचे गुडघे दुखतात. घरी येऊन हे सांगितलं, तर आईनं मलाच झापलं. “घुटने-बिटने काही नाही ग. आयुष्यभर कोणी विचारलं, कुठे निघालात, तर ‘ड्यूटीवर’ म्हणायचे. आता विचारलं तर काय सांगणार? म्हणून बाहेरच निघत नाहीत.” मला वाटलं होतं बाबा मिलसाठी झुरतायत. ते आमच्या गल्लीतल्या एका साध्या ‘कहाँ चले’ला घाबरत होते, आणि असेच ते दिवसेंदिवस खुर्चीत विरघळून जाणार होते.

हे मी मॅडमना सांगायला नको होतं की काय, कोण जाणे, पण सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी त्या सरळ आमच्या बैठकीत आल्या आणि खुर्चीतल्या बाबांनाच विचारत्या झाल्या, “कहाँ चले, जोशीजी?”

बाबा चमकले. “कहीं नहीं.”

“मैं भी कहीं नहीं जा रही. साथ में चलते हैं.”

दाराशी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणणं बाबांना कधी जमलंच नाही. त्यांनी चपला चढवल्या. मी मागून निघाले. कोपऱ्यावर रामेश्वरनं हाळी दिली, “कहाँ चले, जोशीजी?” बाबा जागच्या जागी थिजले. तेवढ्यात मॅडम अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “कहीं नहीं, भिया! बस, ऐसे ही!”

“तो फिर आराम से जाओ,” रामेश्वर म्हणाला आणि पुन्हा डाळ तोलू लागला. आभाळ काही कोसळलं नाही.

मग रोजचंच झालं. एकदा मिलच्या बंद फाटकासमोर मॅडमनी विचारलं, आत आवाज कसा व्हायचा? घरात मिलचं नावही न काढणाऱ्या बाबांनी भर रस्त्यात दोन्ही हात हलवत मागाचा खडाक्‌-खडाक्‌ आवाज काढून दाखवला. मॅडमनी तो शिकून घेतला. दोघं खडाक्‌-खडाक्‌ करत चालले होते आणि सायकलवाले वळून वळून बघत होते. मला हसू आलं, आणि थोडा हेवाही वाटला.

शाळेशी झालेला करार संपला, तशा मॅडम गेल्या. रिक्षात बॅगा चढवताना रामेश्वर सवयीनं बोलून गेला, “कहाँ चले, मॅडम?” त्यांनी तोंड उघडलं, बाबांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “बस, यहीं तक.” आईला रडू आवरेना.

दुसऱ्या संध्याकाळी मी धास्तावूनच खुर्चीकडे पाहिलं. बाबा चपला शोधत होते. मी फाटकाशी उभी राहिले. कोपऱ्यावरून रामेश्वरचा आवाज आला, आणि पाठोपाठ बाबांचा, खणखणीत: “कहीं नहीं, भिया! बस, ऐसे ही!”

ते अंधार पडल्यावर परतले. “कुठे गेला होतात एवढा वेळ?” आईनं विचारलं.

“कुठेच नाही,” बाबा म्हणाले. मग पाटावर बसले, आणि ताटातली भाजी निवून गेली तरी निळ्या दाराच्या बकरीपासून छत्र्यांवरच्या पोपटांपर्यंत सगळं सांगत राहिले.