गाढवावरच्या राजाच्या मिरवणुकीबाबत

विषय : झावळ्यांच्या रविवारी राजाची मिरवणूक काढण्यास परवानगी मिळणेबाबत.
अर्जदार : गावातील प्रार्थनामंदिराचे पास्टर.
ठिकाण : बुलढाणा जिल्ह्यातील एक गाव. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर त्याचीही चौकशी लागेल.

वरील विषयास अनुसरून सादर करतो की, कारकुनाकडे नोकरीत फाइली साचतात आणि निवृत्तीनंतर त्याच फाइलींचे किस्से होतात. हे किस्से मात्र निवृत्तीनंतरचे आहेत, आणि सगळे एकाच अर्जाला टाचलेले आहेत.

* * *

गावात ख्रिस्ती घरं मोजकी. त्यांचे पास्टर मनोहर एका सकाळी माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आले. त्यांच्या मंडळीतल्या सुशीलाबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, ईस्टरनंतर कायमच्या लेकीकडे नाशिकला जाणार होत्या. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. येशू गाढवावर बसून यरुशलेम शहरात शिरला आणि लोकांनी झावळ्या हलवून त्याला राजा म्हटलं, त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीच्या रविवारी ही मिरवणूक. आजवर ती प्रार्थनामंदिराच्या चार भिंतींतच फिरायची. जाण्याआधी एकदा तरी आपल्या राजाच्या मागे गावाच्या रस्त्यानं चालायचं, एवढीच बाईंची इच्छा होती.

मी पेनाचं टोपण काढलं आणि थांबलो. "राजा कशावरून? लोक विचारतील."

"ख्रिस्त म्हंजेच राजा, काका. ते काही नाव नाही. ख्रिस्त म्हंजे अभिषिक्त. डोक्यावर तेल ओतून देवानं नेमलेला. यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याची वाट पाहून राह्यले होते."

"म्हणजे येशू हे नाव आणि ख्रिस्त हा हुद्दा?"

"हाव."

आयुष्यभर मी ते आडनाव समजत होतो.

* * *

जास्त माहितीसाठी पास्टरांनी येशूच्या चरित्राचं एक पुस्तक दिलं. मला लगेच शंका आली की हा माणूस आता मला आपल्या धर्मात ओढणार. म्हणून मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि मागच्या खोलीत बसून वाचू लागलो.

त्यामुळे बायकोला शंका आली. दोन दिवस तिनं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक हातातून ओढून घेतलं. चार ओळी वाचल्या, परत दिलं.

"देवाचंच हाय व्हय. मले वाटलं शेअर बाजार हाय."

* * *

पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर वंशावळ. मला घरच्यासारखं वाटलं. जातीच्या दाखल्यासाठी वंशावळी जोडून जोडून माझी नजर गेली. ही वंशावळ जोडण्याचं कारण असं की, येणारा राजा यहुद्यांच्या जुन्या दावीद राजाच्या घराण्यातलाच असणार, असं ठरलेलं होतं. म्हणून येशूची पदवी 'दावीदाचा पुत्र'.

दावीदाचं प्रकरणही मी तपासलं. भावांमध्ये सगळ्यात धाकटा, मेंढरं राखणारा. देवानं बाकीचे सगळे सोडून त्याच्या डोक्यावर तेल ओतायला लावलं. सेवाज्येष्ठता सरळ डावललेली. असं आमच्या ऑफिसात झालं असतं तर सहा भाऊ कोर्टात गेले असते आणि सातवा रजेवर.

एक त्रुटी मात्र मला सापडली. मी पास्टरांना म्हटलं, "वंशावळ येशूच्या आईच्या नवऱ्यापर्यंत, योसेफापर्यंत येते. आणि योसेफ जन्मदाता नाही, असं तुम्हीच म्हणता. मग वारस कसा लागला?"

"योसेफानं त्याले आपलं म्हटलं, काका. नाव दिलं, घरात वाढवलं."

"दत्तक?"

"तसंच समजा."

दत्तकाचा हक्क पूर्ण असतो. मी आक्षेप मागे घेतला.

* * *

अर्ज घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. जमादारांनी तो उभ्यानं वाचायला घेतला आणि 'गाढवावर आरूढ राजा' इथं आल्यावर खुर्चीत बसले.

"कोनाची धिंड काढून राह्यले?"

"धिंड नाही, मिरवणूक," पास्टर म्हणाले.

"गाढवावर मिरवणूक असते काय बे? आपल्याकडं गाढवावर कोनाले बसवतात? तोंड काळं करून, उलटं. सरळ सांगा, नाव काय त्याचं?"

"येशू."

"तो तुमचा झाला. गावातला कोन?"

पास्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. जमादारांनी ते शांतपणे ऐकलं आणि अर्जावर लिहिलं : 'गावातील कोणास उद्देशून आहे, हे अर्जदार सांगत नाही.'

* * *

ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर होती. बातमी संध्याकाळपर्यंत सरपंचाच्या ओट्यावर पोचली. रात्री तो माझ्या दारात.

"बाबूजी, अर्ज तुम्ही लिहिला म्हनतात. ह्या गाढवावरचा राजा म्हंजे मी तर नाही?"

"नाही."

"मंग गावात दुसरा राजा कोन हाय?"

मी बायकोला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याचा विरोधक माजी सरपंच आला. "त्याले राजा कोन म्हनते? लोक मलेच मानतात. हे माझ्यासाठीच हाय, मले समजते."

दोघांनीही ठाण्यात लेखी हरकत दिली. प्रत्येकाचं म्हणणं एकच, गाढवावर आपल्यालाच बसवण्याचा कट आहे. ज्या जागेवर बसायला कोणी कबूल होत नाही, त्या जागेला गावात दोन दावेदार निघाले.

* * *

दोन हरकती आल्यावर ठाणेदार साहेबांनी सुशीलाबाईंनाच बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस समंजस होता.

"बाई, तोडगा सांगतो. घोडा घ्या. राजा घोड्यावरच शोभतो. घोडा असेल तर आजच सही करतो."

"घोड्यावरचा राजा लढायले येते, साहेब," बाई म्हणाल्या. "लोकायलेही तसाच राजा पाहिजे होता, तवाच्या रोमन सरकारले हाकलनारा. हा गाढवावर बसून आला. हा मारायले येत नाही, हे दुरूनच दिसावं म्हनून गाढव. घोड्यावर बसवला तर तो आमचा नाही, दुसराच कोनी होईन."

ठाणेदारांनी सहीसाठी घेतलेला पेन खाली ठेवला.

"म्हणजे सरकारला हाकलण्याचा विषय यात आहे तर."

* * *

मग ठाण्यातून विचारणा आली की गाढवावर बसणाऱ्याचं नाव कळवा. पास्टरांचा बेत होता, मंडळीतलंच एखादं पोर पांढरा झगा घालून बसवायचं. ते घरोघर फिरले.

पहिल्या घरी आई म्हणाली, "त्याले सर्दी हाय."

दुसऱ्या घरी म्हणाली, "तो आजीकडं चिखलीले जानार हाय."

तिसरी खरं बोलली. "पास्टर, राजाले माझा नमस्कार. पन गावानं पोराले गाढवावर पाह्यलं की नाव पडते. मंग पुढं लग्नात त्याले पोरगी कोन देईन?"

पास्टर हे सांगत होते तेव्हा सुशीलाबाई झावळीची पानं वेगळी करीत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दर रविवारी गळा काढून गातात, तू राजा, तू राजा. त्याच्या जागेवर एक घडी बसा म्हटलं तं साऱ्यायले सर्दी."

नावाचा रकाना कोराच गेला.

* * *

झावळ्यांचा रविवार आला. परवानगी आली नव्हती, नकारही आला नव्हता. जमादार फाटकासमोर मोटारसायकल लावून बसले होते. प्रार्थना संपली. वीटभट्टीवर गाढवं हाकणारा शंकर ठरल्याप्रमाणे एक गाढव घेऊन उभा होता. कोणी बसेना, तेव्हा म्हणाला, "बाई, मी जातो भट्टीवर."

"जाय बापू. माझं घर तिकडंच हाय."

गाढव पुढे निघालं. मागे सुशीलाबाई, एका हातात काठी, एका हातात झावळी. पास्टर म्हणाले, "बाईले घरी सोडून येतो," आणि निघाले. मग हात जोडून मंडळी निघाली. सर्दी झालेलं पोर होतं, चिखलीला गेलेलं होतं, त्यांच्या आयाही होत्या. लाऊडस्पीकर नाही, घोषणा नाही. बाई तोंडातल्या तोंडात काही गात होत्या. पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहिली. सरपंचानं ओट्यावरून गाढवाची पाठ नीट पाहून घेतली आणि तो आत गेला.

जमादारांनी मोटारसायकल बाईंच्या बाजूनं हळूहळू चालवली. "बाई, ही मिरवनूक झाली नं."

"मी घरी चालली. मिरवनुकीत कोनी बसलेला असते. पाय बरं, हाय काय कोनी गाढवावर?"

जमादारांनी पाहिलं. "कोनीच नाही."

"तुले दिसत नसन, तं तसं लिही."

त्यांनी तसं लिहिलं : 'गाढव रिकामे होते. लोक त्याच्या मागे हात जोडून चालत होते.'

ठाणेदारांनी त्याखाली शेरा मारला : 'गाढवावर कोण होते, याचा खुलासा घ्यावा.'

ईस्टरनंतर सुशीलाबाई नाशिकला गेल्या. खुलासा झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.