निळी हळद

आमच्या घरात मी आईला वहिनी म्हणते. काका तिला वहिनी म्हणायचे, ते ऐकून मीही तेच उचललं आणि कोणी हटकलं नाही. शाळेत गेल्यावर बाईंनी मात्र दरडावलं, की आईला आईच म्हणायचं. त्या दिवशी घरी येऊन मी अंगणातूनच "आई, भूक लागली" अशी हाक मारली, तर आतून आजी बाहेर आली. काकांची आई ती, त्यामुळे घरात आई म्हणजे आजी. वहिनी भाकऱ्या थापत होती, तिनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. बाईंचं बरोबरच होतं, पण त्या बरोबर हाकेनं मला भाकरी मिळेना, म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून मुकाट्यानं वहिनीवर परत आले.

थळच्या रस्त्याला वहिनीचं फ्लेक्सचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या खोलीत बसून मी ड्रायव्हर साफ करते. हे वाक्य आमच्या भागात जपून बोलावं लागतं, कारण इथे बऱ्याच घरांपुढे ट्रक उभे असतात. एका गिऱ्हाइकानं वहिनीला कौतुकानं विचारलं होतं, "म्हंजे पोरगी क्लीनर हाय का?" वहिनी म्हणाली, तसंच काहीतरी.

माझा ड्रायव्हर म्हणजे कंप्युटर आणि स्क्रीन यांच्या मधला दुभाषा. प्रोग्रॅम सांगतो, हे चित्र दाखव, आणि ड्रायव्हर ते स्क्रीनच्या कार्डाला समजेल अशा बोलीत सांगतो. आमचा ड्रायव्हर सगळ्यांना उघडा आहे. देशोदेशीची माणसं त्यात भर घालतात, आणि भर घालणारे पुष्कळ असले की अडगळही पुष्कळ साचते. ती काढून टाकायची मला खाजच आहे. बिनकामाची ओळ दिसली की ती काढेपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

अशीच एक ओळ सापडली होती. एका जुन्या पद्धतीनं प्रोग्रॅम म्हणायचा, "माझे रंग लाल आधी, निळा नंतर असे आहेत," आणि ड्रायव्हर ते नेमकं उलटं धरायचा. सरळसरळ चूक, आणि ती तशी का, याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही. उघडे म्हणून जेवढे प्रोग्रॅम मला मिळाले, तेवढे धुंडाळले. ही जुनी पद्धत कोणीच वापरत नव्हतं. मी ओळ काढली. आमच्यातले एक वयस्क गृहस्थ आहेत, दूरदेशी असतात, मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि बंद प्रोग्रॅमांचं काय?" बंद म्हणजे ज्यांचा कोड त्यांच्या मालकांनी कोणाला दाखवलेला नाही असे. मी ताठ्यात उत्तर दिलं, की ज्यांनी आपलं घर कुलूपबंद ठेवलंय, त्यांच्या घरातली झाडलोट आपण का करायची? वाक्य मला फार आवडलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही आवडतं.

नवं काम तपासायला मी वहिनीचा कंप्युटर वापरते, कारण इतकं जुनं कार्ड दुसरीकडे मिळायचं नाही. त्यावर तिचा डिझाइनचा प्रोग्रॅम आहे, तोही बंद जातीचा. बनवणाऱ्या कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला. पण वहिनीनं आजवर केलेलं सगळं, तिच्या हातची वेलबुट्टी, तोरणं, स्वतः वळवून घेतलेली अक्षरं, गावोगावच्या देवांचे साफ केलेले फोटो, फक्त त्याच प्रोग्रॅममध्ये उघडतं. मी कितीदा म्हटलं, नवीन घेऊ या. तिचं उत्तर ठरलेलं: "माझा सगळा संसार त्यात हाय." मी नवा ड्रायव्हर घातला, स्क्रीन नीट दिसतोय हे पाहिलं आणि वर गेले. तिचा प्रोग्रॅम उघडून बघायचं मला सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका हळदीचं बॅनर होतं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. मांडवाच्या तोंडाशी नवरीचा हसरा फोटो आणि मागे पिवळाधमक रंग नसेल, तर पाहुणे आत यायच्या आधीच नावं ठेवतात. वहिनीनं नेहमीचा पिवळा घेतला, तर स्क्रीनवर आला आकाशी. तिला वाटलं, आपला हात चुकला. नवरीही निळसर दिसत होती, पण फोनवरून आलेले फोटो काय वाटेल ते रंग घेऊन येतात. तिनं मला हाक मारली नाही, कारण वर माझी मीटिंग चालू होती. पिवळं दिसेपर्यंत तिनं रंग फिरवले, नवरीचा चेहरा गव्हाळ होईपर्यंत फोटोचेही रंग फिरवले आणि बॅनर छापायला सोडलं. छपाईचं मशीन स्क्रीनकडे बघत नाही, त्याला फाइलीतले रंग थेट जातात.

नवरीचा मामा बॅनर न्यायला आला आणि त्याचा आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. "वैनी, ही हलद हाय का कपड्यांना घालायचा नील?"

मी खाली धावले. जमिनीवर पसरलेल्या आकाशी बॅनरवर निळ्या चेहऱ्याची नवरी हसत होती. मला आधी हसू आलं, मग वहिनीकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी विरलं. ती बॅनरकडे बघतच नव्हती. ती एकामागून एक जुन्या फाइली उघडत होती. तोरणं निळी, देवाच्या कपाळावरचं कुंकू निळं.

"गेलं का गं सगळं माझं?" तिनं विचारलं. मला कालचा नवा ड्रायव्हर आठवला आणि मी तिच्या हातातला माऊस घेतला.

जुना ड्रायव्हर परत घातला. कंप्युटर सुरू होईपर्यंत मामा, वहिनी आणि मी, तिघंही स्क्रीनकडे टक लावून होतो. तिनं पहिली फाइल उघडली आणि कुंकू लाल आलं. वहिनी खुर्चीत मागे टेकली, पदरानं तोंड पुसलं आणि लगेच मामाला म्हणाली, "चहा घ्या तंवर, दुसरं काढते." संध्याकाळच्या आत पिवळी हळद मांडवावर लागली.

माझं डोकं मात्र भुंग्यासारखं त्या प्रोग्रॅमभोवती फिरत राहिलं. कोड दिसत नव्हता, म्हणून बाहेरून कान लावला. त्याला नुसता लाल चौकोन काढायला सांगायचं आणि तो ड्रायव्हरशी काय बोलतो ते टिपायचं. आणि मग कळलं. तो म्हणत होता "लाल आधी", पण पाठवत होता निळा आधी. म्हणजे तोही चुकीचं बोलत होता आणि आमचा ड्रायव्हर ते चुकीचं ऐकत होता, म्हणून इतकी वर्षं कुंकू लाल दिसत होतं! हे असं जमलं कसं? बराच वेळ विचार करताना एकदम वहिनीची सकाळ डोळ्यांपुढे आली. त्या अनोळखी प्रोग्रॅमरलाही कधीतरी आपला लाल स्क्रीनवर निळा दिसला असणार. त्यालाही वाटलं असणार, आपलाच हात चुकला. आणि नीट दिसेपर्यंत त्यानंही रंग फिरवले असणार. मला तो माणूस एकदम घरातलाच वाटायला लागला.

मी सगळी साफसफाई मागे घेतली नाही, तेवढी मी भली नाही. पण ती एक चूक परत ठेवली. आधी ती कोडाच्या गर्दीत बिननावाची पडली होती, आता तिला एकाच ठिकाणी, तिच्या स्वतःच्या छोट्या खोलीत बसवलं, वर नाव लिहिलं आणि ती का आहे तेही लिहिलं. मग त्या वयस्क गृहस्थांकडे पाठवलं. "मी म्हटलं होतं" असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त सांगितलं, "हा भाग कधी काढता येईल, तेही लिहून ठेव." आम्हा ड्रायव्हरवाल्यांत तशी रीत आहे.

मी खाली गेले. वहिनी एका बारशाच्या बॅनरवर मोर बसवत होती.

"वहिनी, दुकान किती वर्षं चालवणार गं तू?"

"का? हात चालतात तंवर," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. "का विचारतेस?"

"काही नाही."

वर येऊन बसले, पण लिहवेना. त्या 'कधी' पुढच्या रिकाम्या जागेत मला कोणता दिवस लिहायचा होता, हे मला पुरतं कळलं होतं. शेवटी लिहिलं: हा भाग वापरणारी एक बाई माहीत आहे. ती वापरते आहे तोवर काढू नये.

त्यांनी ते मान्य केलं. फक्त त्या भागाला मी दिलेलं नाव त्यांना उमगेना. त्यांनी विचारलं, "वहिनी या शब्दाचा अर्थ काय?"

मी लिहिलं, "आई."