गुरुवारी पाहिलेलं घर

मला झोप हवी होती, घर वगैरे नंतर. कारखान्यात तीन पाळ्या. रात्रपाळी करून सणसवाडीच्या भाड्याच्या खोलीवर यावं, तर एका बाजूला शेजाऱ्याचा टीव्ही, दुसऱ्या बाजूला नळावरची भांडणं आणि वर तापलेला पत्रा. दिवसभर तळमळायचं आणि रात्री मशीनसमोर डुलक्या घ्यायच्या. एकदा हात थोडक्यात वाचला. तेव्हा बायको म्हणाली, "आता स्वतःचं घर घेऊ, पण शांत जागी."

शिक्रापूरच्या बाहेरच्या अंगाला एक मिळालं. मालक तिथलेच जुने शेतकरी, सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची, बाकीचे दिवस पाळी आणि ओव्हरटाइम. म्हणून मी घर बघायला गेलो गुरुवारी, मापं घ्यायला गेलो गुरुवारी आणि दौंडहून आलेल्या वडिलांना दाखवलं तेही गुरुवारीच. एकदा म्हटलं, रजा टाकून रविवारी येतो, तर आप्पा म्हणाले, "रविवारी भावकीत लगीन हाय. तुम्ही आपलं गुरुवारीच या, कशाला रजा घालवता?" माणूस फार समजूतदार वाटला मला. ओट्यावर चहा पिताना ते म्हणाले होते, "ऐका, निस्ती पाखरं!" खरंच नुसती पाखरं होती.

खरेदीखत झालं. एका गुरुवारी सामान लावलं. शुक्रवारी सकाळी चहा उकळतोय तोच पायाखालची फरशी हादरली. मागच्या भिंतीपलीकडची पत्र्याची शेड मी गोदाम समजलो होतो. तिथे लोखंड ठोकायचं अवजड यंत्र होतं, हॅमर. धाड, धाड, धाड. मांडणीवरची ताटं वाजायला लागली ती अंधार पडेपर्यंत. शेडची सुट्टीही गुरुवारचीच!

तसाच आप्पांकडे गेलो. "मागं काय चालतं ते सांगायला नको होतं तुम्ही?"

"तुम्ही इचारलंच न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "आन् घराला काय झालंय? भित गळती का? न्हाई ना? मागली शेड काय म्या इकली न्हाई तुमाला."

शिरूरला वकील गाठले. ते म्हणाले, "घरातला लपलेला दोष विकणाऱ्यानं सांगायलाच पाहिजे, तसा कायदा आहे. पण हा दोष लपलेला कुठे होता? दुसऱ्या कुठल्याही दिवशी गेला असतात तर कळलं असतं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकीच्या दिवशी कारखान्यात माझी हजेरी काय वकील लावणार होते?

रात्रपाळ्या काही थांबत नव्हत्या आणि मशीन काही माझ्या झोपेची वाट बघत नव्हतं. शेवटी घर विकायला काढलं. बायको म्हणाली, "तुम्ही फक्त चहा द्या, तोंड उघडू नका." मला ते जमेना. एक तरुण जोडपं आलं, दोघंही कारखान्यात, म्हणजे आलं गुरुवारीच. मी पहिल्या घोटालाच हॅमरचं सांगून टाकलं. शेडकडे बोट दाखवलं. शेडला कुलूप होतं, सगळीकडे शांतता. माझं मलाच खोटं वाटायला लागलं. नवऱ्यानं बायकोकडे बघितलं आणि तो मला म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक चांगलं आलंय वाटतं. तसं सरळ सांगा की! गोष्टी कशाला रचताय?"

गेले तणतणत. महिनाभरात त्यांनी आमच्याच ओळीतलं पलीकडचं घर घेतलं, आप्पांच्या पुतण्याकडून. तो त्यांना काही बोलला नसणार. कुणी विचारलंच नसेल.

सामान आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, ठोकाठोकी ऐन भरात असताना, तो तरुण माझ्या दारात उभा. मला वाटलं, माफी मागायला आला असेल. कसली माफी!

"दादा, तुम्ही जरा जोर देऊन सांगायचं ना!" तो माझ्यावरच ओरडला.

असा संताप आला, की दार लावून घ्यावं. याला काय हात धरून शुक्रवारपर्यंत बसवून ठेवायला हवं होतं? पण तो तिथेच पायरीवर बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून.

"आज रात्रपाळी हाय माझी," तो म्हणाला. "आता झोपायचं कसं, ते तरी सांगा."

ते मला माहीत असतं तर मी घर विकायला काढलं असतं का?