आधीच भरलेले ‘नाही’

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क दुसऱ्याच्या फॉर्मवर कधीही स्वतः खूण करत नसत. नव्वदच्या दशकात प्रवेशाच्या दिवसांत खिडकीपासून फाटकापर्यंत रांग लागलेली असे, तरी रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून ते थांबून राहत. “हितं सांगायचं ऱ्हायलंय.” कुणी म्हणे, “तुमीच करा की खूण, भाऊसाहेब.” त्यावर ते चष्म्यावरून बघत आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, “कॉलेजात तू शिकणार का मी?”

वाचता न येणारे पालक आले, की ते पर्याय दोनदा वाचून दाखवत. दुसऱ्यांदा उलट्या क्रमाने. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, “भिडस्त माणूस पयलं कानावर पडंल त्येच धरतंय. उलटं विचारल्याबिगर त्याला काय पायजे ते कळत न्हाय, मास्तर.”

मी तिथे संगणक शिकवत असे. पुढे काही वर्षांनी प्रवेशाचा फॉर्म वेबवर न्यायचे ठरले. तो मी तयार करायचा आणि भाऊसाहेबांनी तपासायचा. त्यांनी मुद्दाम एक प्रश्न सोडून बटण दाबले. लाल अक्षरांत ‘त्रुटी!’ असे आले आणि सगळा फॉर्म कोरा झाला.

“एक ऱ्हायलं म्हणून वीस पुसली? खिडकीवर मी असं केलं असतं तर लोकांनी तुडवला असता मला. आणि वरडतंय कशापायी? कुठला प्रश्न ऱ्हायलाय तेवढं सांगा की.”

मी दोन्ही सुधारले; राहिलेला प्रश्न आता फॉर्मच्या माथ्यावर दिसे. पण फॉर्म सुरू झाल्यावर वसतिगृहाचा प्रश्न बरेच जण तसाच सोडून पुढे जात आणि अडकत. म्हणून तिथल्या ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन वर्तुळांपैकी ‘नाही’चे मी आधीच भरून ठेवले. मग कुणी अडकेना. हे भाऊसाहेबांना सांगावे असे मला वाटले नाही.

वसतिगृहाची यादी लागायच्या आदल्या दिवशी ते फॉर्मची छापील चळत घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“गगनबावड्याची पोरगी. वसतिगृह नको म्हणती. त्या पावसात रोज एसटीनं येऊन-जाऊन शिकणार?”

“तिने ‘नाही’ लिहिलंय, भाऊसाहेब.”

“तिनं लिवलंय का तुमी?”

मी खाली बघितले. त्यांनी चळत उचलली. मग एकटेच प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि यादी दोन दिवस थांबली.

लांबच्या गावांतल्या, ‘नाही’ आलेल्या प्रत्येक मुलामुलीला त्यांनी फोन केला. गगनबावड्याच्या त्या मुलीने गावातल्या दुकानाचा नंबर दिला होता. दुकानदार पलीकडून म्हणाला असावा, पाहिजेच असेल, लिहून टाका, कारण भाऊसाहेब गरजले, “तुमाला कोण इचारतंय, पावणं? पोरीला बोलवा. मी थांबतो.” ती येईपर्यंत ते रिसीव्हर कानाला लावून उभे होते. मग त्यांनी विचारले, “वसतिगृह पायजे का नको?” आणि पुन्हा, “नको का पायजे?”

रिसीव्हर ठेवून ते म्हणाले, “पायजे म्हणती. नेट कॅफेत फॉर्म उघडला तवा ‘नाही’ भरल्यालंच दिसलं. तिला वाटलं, आपल्याला जागा न्हाय हे कॉलेजनंच ठरवलंय. रोजचं येणं जमायचं न्हाय म्हणून कॉलेजचा नाद सोडला हुता तिनं.”

त्याच दुपारी मी दोन्ही वर्तुळे रिकामी ठेवली. उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे जाणार नाही आणि काय सांगायचे राहिले ते त्या प्रश्नाखालीच दिसेल, असे केले. भाऊसाहेबांनी करून पाहिले, मान हलवली आणि डबा खायला गेले.

ती मुलगी पत्र्याची ट्रंक घेऊन राहायला आली, तेव्हा ते ‘नाही’ कुणाचे होते हे सांगावे म्हणून मी वसतिगृहाच्या पायरीशी थांबलो होतो. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “सर, मशीनची चूक हुती म्हणं. भाऊसाहेबांनी सांगितलं.” प्राचार्यांनाही त्यांनी तेच सांगितले होते, हे मला नंतर कळले. मी तिला नुसते ‘हो’ म्हणालो.

भाऊसाहेब गेल्या महिन्यात गेले. रक्षाविसर्जनाला जुने सहकारी जमले होते. मशीनने केलेली चूक भाऊसाहेबांनी कशी पकडली, ते त्यांतला एक जण नव्या क्लार्कना सांगत होता. मी बाजूला उभा राहून ऐकले. मशीनने काहीच केले नव्हते. इतकी वर्षे हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.