निर्जळी सोमवारचं पाणी

माझ्या मुलीचं दुखणं फोटोत दिसत नव्हतं. हाडाच्या डॉक्टरांनी मांडीचे, नडगीचे, कमरेचे फोटो काढले आणि उजेडापुढे धरून आम्हालाही दाखवले. हाडं सरळ, पांढरी, कुठे चीर नाही. आणि घरी आलो की गौरी तीच हाडं दोन्ही हातांनी दाबून भिंतीकडे तोंड करून पडायची. सोळा वर्षांची मुलगी. शाळेच्या खो-खोच्या संघात होती, पाठीवर खो बसताच उठून पळायची. तिला संडासापर्यंत हाताला धरून न्यायची वेळ आली होती. दोन-चार दिवसांनी दुखणं आपोआप उतरायचं, ती पुन्हा शाळेत जायची, आणि आम्ही म्हणायचो, गेलं. ते जात नव्हतं.

एका डॉक्टरांनी वाढीचं वय म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी वात म्हणून इंजेक्शनं दिली. तिसरे म्हणाले, अभ्यासाची धास्ती घेतली असेल. मी त्यांना दोष देत नाही. फोटोत जे नव्हतं ते त्यांनी नाही असंच सांगितलं. मधूनमधून तिचे डोळे पिवळसर दिसायचे, तेव्हा माझ्या आईने गल्लीतल्या एका बाईकडून कावीळ उतरवून घेतली. अंगात रक्त कमी होतं, त्याची लाल गोळी चालू होती. पोरींच्या अंगात रक्त कमीच असतं, असं सगळेच म्हणायचे.

मी वलगावला राहतो आणि एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, कापूस उतरला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं, मधला फरक तो माल. या कामामुळे एक सवय लागली आहे. काट्यावर जे येत नाही ते मी बोलत नाही. म्हणून इथेही घडलं तेवढंच लिहितो, त्याला चमत्कार म्हणावं की नाही हे मला ठरवता येत नाही.

माझी भक्तीही काट्यासारखीच होती. या पारड्यात एवढं ठेवलं की त्या पारड्यात तेवढं उचललं जाईल, असा माझा साधा हिशोब. औषधांनी गुण येईना तेव्हा मी महादेवाचे सोमवार धरले, तेही निर्जळी. पहाटे थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ, दिवसभर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, दिवेलागणीला पूजा करून मग पाणी. मुलीचं दुखणं माझ्या अंगावर दे, एवढंच मागणं.

काही आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की गौरीचं दुखणं आता वेळ धरून येतं आहे. सोमवारी संध्याकाळी नाहीतर मंगळवारी. पूर्वी त्याला काही ताळ नव्हता. मी ते पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं आणि खात्री झाली. त्या खात्रीचा मी अर्थ लावला तो असा की देव ऐकतो आहे, पण पाहतो आहे की हा माणूस कुठवर टिकतो. म्हणून मी व्रत आणखी कडक केलं. दिवेलागणीला पाणी घेणं सोडलं आणि मंगळवारी सकाळी घेऊ लागलो. त्यानंतर मंगळवार जास्तच वाईट जाऊ लागले. बायको म्हणाली, "एवढं कष्टवू नका जिवाले." मी तिचं ऐकलं नाही.

श्रावण लागला. अकोल्याला हाडांचे एक मोठे डॉक्टर आहेत असं कोणीतरी सांगितलं आणि त्यांच्याकडे नेमका सोमवारचा नंबर मिळाला. डॉक्टर होतील आणि अकोल्याच्या महादेवाचं दर्शनही होईल, यात मला खूण दिसली. बायको आईजवळ घरी थांबली. मी आणि गौरी अमरावतीहून सकाळच्या बसने निघालो. पाऊस नव्हता, उकाडा होता, आणि दोन्ही बाजूंना काळ्या रानात कपाशी गुडघ्याला लागली होती. गौरी खिडकीशी बसली होती. ती फारसं बोलत नव्हती, पण आजारी माणूस बोलत नाही म्हणून आपण कुठे विचारतो?

मूर्तिजापूरला एक बाई चढल्या आणि आमच्या बाकावर कडेला बसल्या. माझ्याच वयाच्या असतील. बसल्या बसल्या त्यांना फोन आला. त्या 'जय भीम' म्हणाल्या आणि पलीकडच्याला सांगू लागल्या की शाळेतून रजा घेतली आहे, अंजनगाव सुर्जीहून पहाटेच निघाले, मुलासाठी वरण-भात आणला आहे, वॉर्डात त्याला एकटं ठेवू नका. फोन ठेवून त्यांनी पिशवीतली पाण्याची मोठी बाटली मांडीवर घेतली आणि समोर बघत बसल्या.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि गौरीला कळ आली. तिने दोन्ही मांड्या घट्ट धरल्या, कपाळ समोरच्या बाकाच्या दांडीवर टेकवलं. ओठ कोरडे पडून चिरले होते. बाईंनी माझ्या पुढून हात लांब करून बाटली तिच्यासमोर धरली. गौरीने मान फिरवली.

"उपास हाये का पोरीचा?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, उपास माझा आहे, तिचा काहीच नाही. तेव्हा गौरी डोळे न उघडता म्हणाली, "बाबांनी नाही घेतलं अजून."

मला आधी ते कळलंच नाही. मग कळलं, आणि हळूहळू बाकीचंही कळत गेलं. मी पहिला सोमवार धरला त्या दिवसापासून तिने तो धरला होता. माझ्यामागून ती थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ करायची. शाळेचा डबा मैत्रिणीला द्यायची, बाटलीतलं पाणी शाळेतल्या झाडाला घालायची आणि रिकामी बाटली घरी आणायची. तिची आई खूश व्हायची, की पोरगी पाणी पिते. मी दिवेलागणीचं पाणी सोडलं तर तिनेही सोडलं. आमच्या घरात एवढ्या गोष्टींवर माझं लक्ष, आणि हे मला दिसलं नव्हतं.

मी तिला म्हणालो, पोरी, माझं व्रत माझ्यापुरतं आहे, तू पी. ती रडत नव्हती. ती म्हणाली, "तुमी माह्यासाठी तहानेले राह्यता. मंग मी कशी पिऊ?"

बाई माझ्याकडे वळल्या. "मंग भाऊ, आधी तुमी प्या."

मी सांगू लागलो, की आज श्रावणातला सोमवार, व्रत निर्जळी आहे, मंदिरातच चाललो आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुमचा महादेव डोक्यावर गंगा घेऊन बसला हाये. त्याले पाण्याची काय कमी? कमी हाये ते या लेकराले."

पुढच्या बाकावरचे एक म्हातारे गृहस्थ वळून न बघताच म्हणाले, "बरोबर बोलून राह्यल्या बाई. प्या हो."

मी बाटली घेतली आणि प्यालो. त्या वेळी काही उजेड वगैरे पडला नाही. पाणी कोमट होतं आणि त्याला बाटलीचा वास होता. कोणाच्या हातचं पाणी घ्यायचं आणि कोणाच्या हातचं नाही, याचे नियम आमच्या घरात मी लहानपणी ऐकलेले आहेत. त्या क्षणी त्यातला एकही मला आठवला नाही, हे मला फार नंतर आठवलं. माझा घोट गळ्याखाली उतरलेला बघून गौरीने हात पुढे केला आणि ती प्यायली. थांबत थांबत सगळी बाटली प्यायली. मी इतके महिने महादेवाजवळ काही ना काही सोडत होतो. जे सोडायला हवं होतं ते सोडायला सांगणारं माणूस मूर्तिजापूरला बसमध्ये चढलं, एवढंच मी म्हणू शकतो.

मग त्यांनी विचारलं, रक्त तपासलं का, सिकलसेलचं? मी म्हणालो, हाडं दुखतात म्हणून हाडांचंच सगळं केलं. त्या म्हणाल्या, त्यांच्या मुलालाही आधी असंच हाडांसाठी फिरवलं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं की तो आजार आमच्या लोकांत नसतो. त्यांनी रिकामी बाटली गौरीच्या हातून घेतली.

"ते मले काहून सांगता, भाऊ? रक्ताले इचारा."

अकोल्याला उतरल्यावर हाडांचे डॉक्टर राहिले आणि मंदिरही राहिलं. बाईंनी आम्हाला आपल्याच रिक्षात बसवून त्यांचा मुलगा होता त्या दवाखान्यात नेलं, चिठ्ठी काढून दिली, नर्सबाईंना सांगितलं, आणि जिन्याने वर मुलाकडे गेल्या. जाताना ती बाटली नळावर भरून गौरीच्या हातात दिली. काट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला मी नाव-गाव विचारतो. त्यांचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

तपासणीत जे निघायचं ते निघालं, सिकलसेल, आणि गौरीला तिथेच ठेवून घेतलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, तिने कागदावर चित्र काढून समजावलं. अशा रक्तातल्या पेशी शरीरात पाणी कमी झालं, गारठा लागला, की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाडाला रक्त पोहोचत नाही आणि ते कळा मारतं. फोटोत ते दिसतंच असं नाही. दुखणं कधी येतं, असं तिने विचारलं. मी सोमवारचं सांगितलं, सगळं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. गौरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझी नोंद बरोबर होती. अर्थ मी उलटा लावला होता.

पुढे आम्हा नवरा-बायकोचंही रक्त तपासलं. दोघांतही तो आजार अर्धा अर्धा होता, आम्हाला कधी त्रास न देता. दोघांकडून तो गौरीत पूर्ण झाला. परतताना बायको बसमध्ये एकच वाक्य बोलली, "म्हंजे आपणच देल्लं तिले." दुखण्याचं नाव कळलं की दुखणं जाईल अशी आशा मी धरून होतो. नाव कळलं, आणि त्यासोबत हेही कळलं की ते जन्मभर तिच्याजवळ राहणार आहे.

घरी आल्यावर आईला सांगावं लागलं. ती ऐंशीच्या घरात आहे. मी डॉक्टरांचं बोलणं तिला समजेल असं सांगितलं, पाण्याचं, गारठ्याचं. ती ऐकत राहिली आणि मग भिंतीवरच्या फोटोकडे बघू लागली. तो फोटो माझ्या थोरल्या बहिणीचा, सुमनचा. मी लहान असताना ती गेली, लग्न ठरायच्या आधीच. तिचेही हातपाय असेच दुखायचे, वात म्हणायचे सगळे. हरतालिकेचा निर्जळी उपास धरला होता, त्यातच ती पडली आणि उठली नाही.

आई म्हणाली, "सुमीनं त्या दिवशी पाणी मांगतलं होतं. म्या म्हटलं, सकाळी पेजो."

सुमनचं रक्त कधी तपासलं गेलं नाही. त्यामुळे मी ठाम काही लिहीत नाही, आणि आईलाही हेच सांगितलं. तिने मान हलवली. तिला ते पटलं असेल असं मला वाटत नाही.

गौरी दवाखान्यातून सुटली त्या दिवशी मी वरच्या वॉर्डात गेलो होतो. बायकोने त्या बाईंसाठी घरची तूरडाळ बांधून दिली होती. खाट रिकामी होती. नर्सबाई म्हणाल्या, मुलाला नागपूरला हलवलं, तब्येत बरी नव्हती. ते ऐकून नाव विचारायचं पुन्हा राहून गेलं. पुढे अंजनगावला दोन-तीन शाळांतही विचारून आलो, पण नावाशिवाय किती विचारणार? तो मुलगा कसा आहे हे मला माहीत नाही. रोज दिवा लावताना मी आधी त्याच्यासाठी मागतो, मग गौरीसाठी.

गौरी आता बारावीत आहे. रोजची गोळी चालू आहे, बाटली सोबत असते, थंडीत अंगभर कपडे. खो-खो सुटला. संघाचे सामने असले की ती मैदानाच्या कडेला बसून बघते आणि घरी येऊन कोण कसं खेळलं ते सांगते. मागच्या हिवाळ्यात पुन्हा एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा तिचं कण्हणं ऐकताना माझी श्रद्धा होती तिथे राहिली असं मी म्हणणार नाही. पण आता मी देवाला काही मोजून देत नाही आणि मोजून मागतही नाही. मी स्वतःला झिजवत होतो आणि त्याला शरण जाणं म्हणत होतो. शरण मी एकदाच गेलो असेन, त्या बसमध्ये, जेव्हा एका अनोळखी बाईने प्या म्हटलं आणि मी प्यालो. त्या माउलीचे उपकार माझ्याच्याने फिटणार नाहीत, आणि ते फेडायची घाईही आता मला वाटत नाही. ते अंगावर असू द्यावेत.

सोमवारी आमच्या घरी उपास नसतो. आई सकाळी उठून तांब्याभर पाणी सुमनच्या फोटोपुढे ठेवते. हे तिला कोणी सांगितलेलं नाही. गौरी कॉलेजला निघाली की आई तोच तांब्या उचलून तिच्यासमोर धरते. गौरीने आताच पाणी प्यायलंय म्हटलं, तरी आईचा हात खाली येत नाही.

"पे माय," ती म्हणते. "थांबू नको."