गालावरचं गंध
चंदन उगाळल्याचा वास आला की मला अजून काकांचा राग येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या दोनेक वर्षं आधी नाशिकच्या इस्पितळात त्यांच्या गालाचा कॅन्सर कापला आणि कपाळाची कातडी खाली वळवून त्या भोकावर शिवली. "टाके निघेपर्यंत पाण्याचा थेंब लागता कामा नये," डॉक्टरांनी बजावलं. तिसऱ्याच सकाळी बघतो, तर घरून सहाण मागवून काकांनी गालावर ओलं गंध लावलेलं! मी ओरडलो, "अहो काका, चिघळेल ना ते!" ते बोबड्या आवाजात म्हणाले, "कपाळच आहे. खाली आलंय, एवढंच." डॉक्टरांची बोलणी मात्र मी खाल्ली. बारा वर्षांनी काका गेले. त्यांना शेवटचं गंध लावताना माझं बोट सरळ गालावर गेलं.