पायाळू बाईची पाठ

मंगळवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी अमरावती–अकोला गाडीत तेवीस प्रवासी बसले होते आणि वाहक शकुन गावंडे चोविसाव्याचे तिकीट काढत होत्या. तो बडनेऱ्यालाच उतरणार होता, तरी त्याला खिडकी हवी होती. शकुनबाईंनी त्याला खिडकी दिली नाही. हे सगळे चालले असताना त्यांचा भार डाव्या पायावर होता आणि कंबर सीटच्या दांडीला टेकलेली होती.

ही टेकण्याची सवय नवी होती. एकोणीस वर्षे एसटीत काढलेली ही बाई चालत्या गाडीत आधार न घेता उभी राहते, हे रोजच्या प्रवाशांना माहीत होते. मूर्तिजापूरला उतरणाऱ्या एका शिक्षकांनी तर एकदा विचारलेही, बाई, बरं नाही का. झोप झाली नाही, असे त्यांनी सांगितले. खरे कारण अडीच महिन्यांचे होते. उजव्या कुल्ल्यातून एक कळ निघायची आणि मांडीच्या मागून खाली जायची. खोकल्यावर वाढायची, बसल्यावर आणखी वाढायची. याला सायटिका म्हणतात हे त्यांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. चालकांच्या विश्रांतिगृहात तो शब्द चहाइतका रोजचा आहे.

दवाखान्यात जायचे त्यांनी टाळले होते. डॉक्टरांनी कागदावर काही लिहिले की तो कागद आगारात जाणार, हलके काम मिळणार, आणि हलके काम म्हणजे पार्सलच्या खोलीत आठ तास खुर्ची. ज्या दुखण्यात बसवत नाही, त्या दुखण्यासाठी बसायचे काम. मार्गावरून एकदा उतरलेला वाहक परत मार्गावर चढलेला त्यांनी दोनदाच पाहिला होता.

पाठीबद्दल शकुनबाईंना चारचौघांपेक्षा जास्त कळते, याला एक कारण आहे. त्या पायाळू आहेत. भातकुली तालुक्यातल्या एका गावात नत्थुजी आणि दुर्गाबाई यांच्या घरी त्यांचा जन्म झाला तो पायांकडून. अशा माणसाने पाठीला लाथ लावली की पाठीत भरलेली चमक उतरते, असे वऱ्हाडात मानतात. त्यामुळे चौथ्या वर्षापासून त्यांच्या दारात लोक पालथे पडत आले. पद्धत ठरलेली आहे. उजवा पाय, तीन वेळा, आणि लाथ म्हणजे टाच टेकवून उचलल्यासारखी. मोबदला घ्यायचा नाही, त्या माणसाचा त्या दिवशीचा चहासुद्धा नाही. सासरी हे चालू राहिले आणि एसटीत आल्यावर तर वाढलेच, कारण चालकांच्या पाठी कायम धरलेल्या असतात. गुण येतो का, असे विचारले तर त्या सांगतात की दहातल्या सहा-सात जणांना येतो. आणि लगेच पुढे सांगतात, "चमक तशीई चार दिवसानं जातेच."

घरात मात्र एक नियम होता. दुखणे गुडघ्याच्या खाली उतरले असेल तर पाय लावायचा नाही. हा नियम दुर्गाबाईंनी केला तेव्हा शकुन नऊ वर्षांची होती. शेजारचे खुशालराव पाठ धरून आले, तिने तीनदा पाय लावला, ते उठून गेले. त्यांची कळ आधीच पोटरीत उतरली होती, हे त्यांनी सांगितले नव्हते. महिनाभरात त्यांचे पाऊल उचलेनासे झाले. चालताना उजवी चप्पल मागे राहायची आणि ते चार पावले पुढे जाऊन, खाली पाहून, परत यायचे. लाथेने असे झाले की व्हायचेच होते, हे तेव्हा कुणाला सांगता आले नाही आणि आजही येणार नाही. पण त्या दिवसापासून दुर्गाबाई आलेल्या प्रत्येकाला आधी विचारायच्या, कळ कुठवर जाते. गुडघ्याच्या खाली असे उत्तर आले की पाणी देऊन अमरावतीला पाठवायच्या.

शकुनबाईंची स्वतःची कळ सुरुवातीला मांडीत होती. नंतर पोटरीत आली. हा बदल त्यांनी कुणाला सांगितला नाही. स्वतःच्या मनातही तिची नोंद त्यांनी मांडीतच ठेवली होती.

कायरोप्रॅक्टिकचे नाव घरात आणले ते त्यांच्या मुलीने, नीलमने. तिने फोनवर एक व्हिडिओ पाठवला. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर एक तरुण हाताने झटका देतो, कडकन आवाज येतो, माणूस हसत उठतो. शकुनबाईंनी तो अकरा वेळा पाहिला. पाय न लावता हा मुलगा तेच करतो, असे त्यांना वाटले, फक्त याच्याकडे आवाज आहे. नीलमने पत्ता काढला तर दवाखाना अकोल्याच्या बसस्थानकापासून चालत सात मिनिटांवर होता. गाडी अकोल्याला साडेआठला पोचते आणि पावणेदहाला परत निघते. तिथे गेले तर आगारात कागद जाणार नव्हता. त्यांना हे सगळ्यात जास्त पटले.

मंगळवारची वेळ त्यांनी घेतली होती. हे फक्त चालक देवमन इंगळे यांना ठाऊक होते, आणि त्यांनी बडनेऱ्याच्या थांब्यावर वळून मत दिले.

"तुमी साऱ्या डेपोले लाथा मारता. तुमाले मारनारा अकोल्यात भेटला म्हना."

"तो हातानं मारते, देवमनभाऊ. शिकेल हाये."

कुरुमला एक म्हातारी दोन पिशव्या घेऊन चढत होती. शकुनबाई खाली उतरल्या, पिशव्या आत दिल्या, मागोमाग चढल्या, दार लावून दोनदा घंटा दिली. गाडी हलली. तेव्हा दाराजवळच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीने खाली वाकून काहीतरी उचलले.

"मावशी, तुमची चप्पल."

ती उजव्या पायाची होती. पायरीवर राहिली होती. शकुनबाईंनी ती घेतली, पायात घातली आणि अंगठ्याने पट्टा दाबून पाहिला. पट्टा तुटलेला नव्हता, सैलही नव्हता. मूर्तिजापूरपर्यंत त्यांनी नऊ तिकिटे काढली.

अकोल्यातला दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. भिंतीवर मणक्याचा प्लास्टिकचा सांगाडा, टेबलावर कॅमेऱ्याचा स्टँड आणि माईक. व्हिडिओतला तो मुलगा, केयूर दाणी, तिशीचा होता. मूळ शिक्षण फिजिओथेरपीचे, अकोल्यातच वकिलांच्या घरात वाढलेला. खाटेवर झोपायच्या आधी मले काही विचारायचं हाये, असे शकुनबाईंनी सांगितले. सहसा पेशंट विचारत नाहीत, म्हणून त्याने खुर्ची ओढली.

"तो आवाज कायचा येते? हाड सरकते का?"

"हाड नाही सरकत, काकू. सांध्यातल्या पाण्यात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. बोटं मोडतो तसाच. आवाज आला म्हणजे बरं झालं असं नाही, आणि नाही आला म्हणजे वाया गेलं असंही नाही."

"मंग माईक कायले लावता?"

"लोकांना ऐकायला आवडतं," केयूर म्हणाला आणि थोडा हसला.

शकुनबाईंना हे उत्तर आवडले. लपवणारा माणूस असे बोलत नाही, असे त्यांनी नंतर सांगितले. पुढचे प्रश्न त्यांनी वाहकाच्या पद्धतीने, एकेक करून विचारले. हे शिकलात कुठे? फिजिओथेरपीची पदवी साडेचार वर्षांची, आणि झटक्याचे हे तंत्र नंतरच्या काही आठवड्यांच्या वर्गात, असे त्याने सांगितले. परदेशात याची स्वतंत्र पदवी असते, ती माझ्याकडे नाही. आपल्याकडे पाटी लावणाऱ्याने नक्की काय शिकले आहे, हे पेशंटनेच विचारून घ्यायला हवे. सायटिकाला गुण येतो का? काहींना येतो. पण बऱ्याच जणांची सायटिका दोन-तीन महिन्यांत व्यायामाने, चालण्याने, कधी नुसतीच कमी होते. त्यामुळे झटक्याने किती आणि दिवसांनी किती, हे त्याला खात्रीने सांगता येत नव्हते. शंभरात किती जणांना बरे वाटते, हे त्याने मोजलेले नव्हते.

"मीई नाई मोजले," शकुनबाई म्हणाल्या. मग त्यांनी आपण पायाळू असल्याचे सांगितले. केयूरला तो शब्द माहीत होता, पण पायाळू बाई त्याने पहिल्यांदाच पाहिली होती. पाय किती जोरात लावता, नेमका कुठे लावता, लोक किती दिवसांनी परत येतात, हे तो विचारू लागला. पाच-सात मिनिटे प्रश्न त्याचे होते आणि उत्तरे त्यांची.

नंतर त्याने कागद पुढे ओढला आणि नेहमीचे विचारले. कधीपासून? अडीच महिने. कळ कुठवर जाते?

"मांडीपर्यंत," शकुनबाई म्हणाल्या.

त्याने तसे लिहिले आणि खाटेकडे हात केला. शकुनबाई उठल्या, खाटेपर्यंत गेल्या आणि न झोपता वळल्या.

"तुमी कोनाले वापस पाठवता?"

केयूरने पेन ठेवले. त्याने बोटांवर मोजले. हाड ठिसूळ असेल, पडून मार लागला असेल, कॅन्सर झालेला असेल, ताप असेल त्यांना. लघवी-संडासवरचा ताबा गेला असेल किंवा बसायच्या जागेला बधिरपणा आला असेल, तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात, तिथे तासांचा हिशेब असतो. आणि ज्यांच्या पायातली ताकद कमी होत चालली आहे, त्यांना. दबलेली नस कशाने दबली आहे हे पाहिल्याशिवाय अशा पाठीला झटका द्यायचा नाही.

शकुनबाई खाली पाहत होत्या. चप्पल दाराबाहेर काढलेली होती.

"दुखनं मांडीपर्यंत नाई," त्या म्हणाल्या. "पोटरीतून घोट्यापर्यंत येते. अन् आज कुरुमले चप्पल निंगून गेली, मले समजलं नाई."

त्याने त्यांना खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचांवर चालायला लावले. डावा चवडा वर राहिला. उजवा तिसऱ्या पावलाला खाली आला, दुसऱ्यांदा दुसऱ्याच पावलाला. उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला कापूस फिरवला तो त्यांना जाणवला नाही. लघवीचा त्रास नाही, बसायच्या जागेला बधिरपणा नाही. आज मी पाठीला हात लावणार नाही, असे केयूरने सांगितले. मणक्याच्या डॉक्टरांना दाखवायचे, ते बहुतेक एमआरआय काढतील, आणि हे महिनाभर नाही, या एक-दोन दिवसांत. पाय असाच अशक्त होत गेला तर नंतर दुखणे थांबेल, पण पाऊल परत येईलच असे नाही.

शकुनबाईंनी एकदा प्रयत्न करून पाहिला. हळू हाताने एखादवेळ मारून पाहा, कागद झाला तर माझी गाडी जाईल. केयूर नाही म्हणाला. अमरावतीच्या एका मणक्याच्या डॉक्टरांचा नंबर त्याने लिहून दिला, त्यांच्या दवाखान्यात स्वतःच फोन लावून वेळ घेतली आणि तपासणीचा कागद हातात ठेवला. कागद टाळायला आलेल्या बाईच्या पर्समध्ये तो पहिला कागद गेला.

बसस्थानकाकडे परत येताना त्याच रस्त्यावर दुसरी एक पाटी आहे. तिच्यावर कायरोप्रॅक्टिक, मसाज आणि एकाच बैठकीत आराम, असे लिहिलेले आहे. दार उघडे होते, आत गर्दी नव्हती. नऊ वाजून सतरा मिनिटे झाली होती. शकुनबाई तिथे उभ्या राहिल्या. हा कुणालाही वापस पाठवणारा दिसत नाही, असे त्यांच्या मनात आले. हे त्यांना आधी बरे वाटले आणि नंतर वाटले नाही. खुशालरावही मांडीपर्यंतच म्हणाले असतील, असे त्यांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुचले. त्या गाडीकडे चालू लागल्या.

पावणेदहाची गाडी वेळेवर सुटली. परतीला त्यांनी चालकामागची वाहकाची सीट वापरली नाही, बसवत नव्हते. बोरगाव मंजूला देवमनभाऊंनी विचारले, "मारलं का त्यानं?"

"नाई मारलं. वापस पाठवलं."

"मंग कायचा डॉक्टर तो?"

"त्याच्यासाठीच डॉक्टर."

दुपारी बाराला आगारात उतरल्यावर देवमनभाऊंनी विश्रांतिगृहात सतरंजी टाकली. दोन दिवसांपासून त्यांची कंबर धरली होती आणि त्यांना तीन लाथा हव्या होत्या. शकुनबाईंनी दारातच सांगितले की आता माझा पाय लावायच्या कामाचा राहिला नाही. तरी त्यांनी नेहमीचे विचारले, कळ कुठवर जाते. कमरेतच, असे उत्तर आले. एवढ्यावर त्या आधी थांबायच्या.

"टाचंवर चालून दाखवा, देवमनभाऊ."

"कावून?"

"चाला तं खरं."

खाकी कपड्यातले छप्पन वर्षांचे देवमन इंगळे दोन्ही चवडे वर धरून, हात पसरून सतरंजीपासून पाण्याच्या माठापर्यंत गेले आणि परत आले. खाटांवरचे तीन चालक उठून बसले. एकाने विचारले, वरातीत नाचून राहिले का भाऊ. दोन्ही चवडे शेवटपर्यंत वर राहिले. शकुनबाईंनी खाली वाकून पाहिले आणि त्यांना गरम पाण्याने शेकायला आणि रोज थोडे चालायला सांगितले. मग उरलेल्या तिघांनाही त्यांनी उठवले. तिसरा, चांदूर बाजारच्या गाडीवरचा, डाव्या पायावर डगमगला. त्याला त्यांनी केयूरने लिहून दिलेला नंबर वाचून दाखवला.

एक वाजता त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात आधी "घरगुती" लिहिले होते, ते खोडून "उजव्या पायात अशक्तपणा, मणक्याची तपासणी" असे केले. सोबत अकोल्याचा कागद जोडला. पर्यवेक्षकांनी तो वाचला, किती दिवस, असे विचारले. डॉक्टर सांगतील तितके, असे त्या म्हणाल्या. परत आल्यावर पार्सलला बसवता येईल, असे पर्यवेक्षक म्हणाले. बसता येत नाही, हेच तर दुखणे आहे, हे त्यांना समजावून सांगायला चार मिनिटे लागली. त्यांनी ते अर्जाच्या कडेला पेन्सिलीने लिहून घेतले.

बुधवारची सव्वासहाची अकोला गाडी देवमन इंगळे नेतील. कामाच्या फलकावर वाहकाच्या रकान्यात दुसरे नाव लागले आहे. शकुन गावंडे यांना मणक्याच्या डॉक्टरांनी साडेनऊची वेळ दिली आहे, चौथा नंबर.